पहिल्या मजल्यावरचं पिल्लू

मायला आमच्याकडं सेलूला आणायला मला चार वर्षं लागली. वडील गेल्यावर ती पालम तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहायची. मी दर दिवाळीला विषय काढायचो आणि ती म्हणायची, "बघू." मग तिचे डोळे अधू झाले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उशिरा झालं, त्यातून काही हाती लागलं नाही. डाव्यानं समोर माणूस उभा आहे एवढं दिसतं, कोण आहे ते दिसत नाही. तरी ती चुलीवर भाकरी करत होती. विस्तव कुठं आहे ते तिला धगीवरून कळायचं. वैशाखात एका सकाळी पदर पेटला. शेजारीण नेमकी दारात होती म्हणून माय वाचली, पण डावा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "सर, आता यांना एकटं ठेवू नका. दरवेळी कोणी दारात असंल असं नाही."

हात बरा होईतो आषाढ लागला. या वेळी माय 'बघू' म्हणाली नाही. म्हणाली, "येते. पर हे संगं येईल."

हे म्हणजे तिच्या पायाशी झोपलेलं कुत्र्याचं पिल्लू. गल्लीतली कुत्री ट्रॅक्टरखाली सापडली, तिच्या चार पिल्लांतलं हे एकच जगलं. मायनं त्याला दुधात भाकरी कुस्करून वाढवलं होतं. दीड-दोन महिन्यांचं असेल. तिनं त्याला नावही ठेवलं नव्हतं, नुसतं पिल्या म्हणायची.

"माय, तिथं वरचा मजला हाय. अंगण न्हाई," मी म्हणालो.

"मंग मी बी न्हाई," ती म्हणाली. "दारात कुणी आलं की हे कुंईकुंई करतंय. मला तेवढ्यानंच कळतंय."

माझी बायको सोबत होती. तिनं पिल्लू उचलून ओटीत घेतलं आणि म्हणाली, "चला आत्या, ह्याचं बी तिकीट काढू." माय हसली. त्या दिवशी पालम ते गंगाखेड, गंगाखेड ते परभणी, परभणी ते सेलू अशा तीन गाड्या बदलून आम्ही घरी आलो. पिल्लू तिन्ही गाड्यांत मुतलं, पण एसटीत त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

आमचं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी. घरमालक खाली राहतात. तहसीलमधून निवृत्त झालेले, एकटे, देवपूजेचे गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी देवगाव फाट्याच्या पुढं एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीही झालेलं नव्हतं. वडील सालगडी होते, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मी बी.एस्सी. आणि बी.एड. झालो ते तिच्या खुरप्यावर आणि गावातल्या एका गुरुजींच्या जुन्या पुस्तकांवर. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढं जे झालं ते समजायला हे माहीत असलेलं बरं, म्हणून सांगतो.

मायनं येताना देवाचे टाक फडक्यात बांधून आणले होते. बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या कोपऱ्यात पाट मांडून तिनं ते ठेवले. तिची बाज त्याच खोलीत होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी पिल्लू त्या पाटापासून हातभर अंतरावर मुतलं.

मायच्या पायाला ओल लागली तेव्हा तिला कळलं. तिनं काही आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "लेकरू हाय. गोमूत्र हाय का घरात?" आमच्या दूधवाल्याच्या घरी गाई आहेत. बायकोनं त्याच्याकडून बाटली भरून आणली. बायकोनं फिनाइलनं फरशी पुसली आणि मग मायनं हातानं चाचपत त्या कोपऱ्यात गोमूत्र शिंपडलं. तिला नीट दिसत नसल्यामुळं ती अंदाजानं जरा जास्तच शिंपडायची. फिनाइलनं फरशी स्वच्छ होते, शुद्ध होत नाही, हे तिचं म्हणणं होतं आणि आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या गावात कुठल्याही घरात हेच केलं असतं.

गावात कुत्र्याला शिकवायचं असं काही नसतं. कुत्रं बाहेर असतं, त्याचं तेच जातं. त्यामुळं मला या बाबतीत काहीच येत नव्हतं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. खाऊ घातल्यावर पंधरा मिनिटांनी पिल्लाला ठरलेल्या जागी न्यायचं, तिथं केलं की शाबासकी द्यायची, घरात केलं तर मारायचं नाही. मी वहीत तक्ता आखला. पिल्लू किती वाजता जेवलं, किती वाजता कुठं मुतलं. विज्ञानाच्या माणसाला निरीक्षणानं सगळं सुटतं असं वाटतं.

पहाटे साडेपाचला मी त्याला कडेवर घेऊन जिना उतरायचो. घरामागं मोकळी जागा आहे, तिथं सोडायचो. ते बेडकामागं धावायचं, माझी चप्पल चावायचं, एखादी काटकी तोंडात धरून उड्या मारायचं. अर्धा तास गेला तरी मुतायचं नाही. माझी गाडी पावणेसातची. शेवटी मी त्याला वर आणायचो, खाली ठेवायचो आणि ते सरळ चालत देवाच्या कोपऱ्यात जायचं आणि मोकळं व्हायचं. चुकून नव्हे. वाटेत कुठं थांबून नव्हे. पोस्टात पत्र टाकायला निघालेल्या माणसासारखं जायचं.

"आलं का फिरून?" माय बाजेवरून विचारायची.

"आलं."

"मुतलं का?"

"हो. तुझ्या देवापाशी."

मग बायको बादली घेऊन यायची आणि मागून माय बाटली घेऊन.

व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून मी गॅलरीत जुने पेपर अंथरले. संध्याकाळी शाळेतून आलो तर पेपर घड्या घालून माझ्या टेबलावर ठेवलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरले, पुन्हा घड्या. मी मायला विचारलं.

"अक्षरावर मुतवायलास त्याला?" ती म्हणाली. "तुझा पाय पुस्तकाला लागला तर पाया पडायला लावत होते मी. आता तूच?"

तिला एक अक्षर वाचता येत नाही आणि तिनं ते माझ्या लहानपणापासून डोक्यावर धरलं. मी पेपर उचलले आणि त्याऐवजी पोतं अंथरलं. पिल्लू एकदा त्यावर मुतलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला अख्खं बिस्कीट दिलं. पण गॅलरीतल्या पाण्याची नळी काकांच्या अंगणात उघडते आणि तिच्या खालीच त्यांची तुळस आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं.

काका वर आले. ते कधी आवाज चढवत नाहीत.

"सर, तुमी शिकलेले माणसं. मी काय बोलावं? जिन्यात वास यायलाय, ते मी सोसलं. आज तुळशीवर पडलं."

मी माफी मागितली. बायकोनंही मागितली.

"घट बसायच्या आत त्याचं काहीतरी करा," ते म्हणाले. "म्हातारीला राहू द्या, माझं काय म्हणणं न्हाई. पर नवरात्रात ते कुत्रं मला वर नको."

माय आतून ऐकत होती. काका जिना उतरल्यावर ती म्हणाली, "त्याला काढलं तर मी बी जाते. तुला आधीच सांगितलं होतं."

"माय, तिथं तुझ्याजवळ कोण हाय?"

"हे हाय."

म्हणजे सगळं त्या पिल्लावर येऊन ठेपलं. त्याला सवय लागली तर माय राहणार, नाही लागली तर ती पुन्हा त्या चुलीपुढं जाऊन बसणार. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. माझ्या वहीतला तक्ता भरत होता आणि त्यातून एकच गोष्ट निघत होती, की पिल्लाला दुसरी कुठलीही जागा मान्य नाही. मी त्या कोपऱ्यापुढं खुर्ची आडवी घातली, तर ते खालून घुसलं. बाजूला पुठ्ठा लावला, तर ते पुठ्ठ्याला लागून बसलं. एकदा मी त्याला फटका मारला. ते कळवळून मायच्या बाजेखाली गेलं आणि तिथंच मुतलं.

"त्याला बी रागावतूस, मला बी रागावतूस," माय म्हणाली.

"तुला कधी रागावलो?"

"गॅलरीतून चूळ टाकू नको म्हणलास. मिसरी थुंकू नको म्हणलास. नळ चालू ठेवू नको, मोठ्यानं बोलू नको, खाली ऐकू जातंय. आमी दोघं बी शिकायलोत तुझ्याजवळ."

ती हसत हसत म्हणाली. बायकोही हसली. मीही हसलो, पण ते मला दिवसभर टोचत राहिलं. वर्गात मुलं सरळ बसलेली पाहूनही टोचलं.

पितृपक्ष निम्मा सरला तेव्हा मी पिल्लाला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मला वाटलं होतं त्याला काही आजार असेल. तिथं एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी पिल्लाचं पोट दाबून पाहिलं, कान पाहिले.

"काही नाही याला. ठणठणीत आहे. सर, एकाच जागी करतंय का?"

"एकाच. देवाजवळ."

"पुसता कशानं?"

"फिनाइलनं."

"आणि?"

"आणि आई वरून गोमूत्र शिंपडते."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "रोज?"

"दिवसातून तीन-चारदा."

"अहो सर," त्या म्हणाल्या, "कुत्रं नाकानं ठरवतं. त्याला तिथं लघवीचा वास येतो. कोणाची का असेना. त्याला वाटतं, इथं आधी कोणीतरी जाऊन गेलंय, म्हणजे हीच जागा. तुम्ही दिवसातून चारदा त्याला जागा दाखवून देताय."

लघवीतल्या युरियाचं विघटन होऊन अमोनिया होतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुलं वहीत उतरवून घेतात. अडीच महिने माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत ते चाललं होतं आणि मी तक्ता आखत बसलो होतो. जिन्यातला वासही निम्मा गोमूत्राचाच असणार. ज्या शिक्षणासाठी मायनं पाठीचा कणा वाकवला, ते एकदाच तिच्या उपयोगी पडायची वेळ आली होती, आणि मला ते आठवलं नाही.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. साबणानं धुवा, मग व्हिनेगर पाण्यात घालून पुसा, गोमूत्र पूर्ण बंद. दोन आठवड्यांत फरक पडेल.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की मायला हळूच सांगायचं. पण जिना चढताना काका भेटले, त्यांनी फक्त "आठ दिवस राहिले, सर" एवढंच म्हटलं, आणि दार उघडलं तर माय कोपऱ्यात बसून शिंपडत होती. मी म्हणालो, "माय, बस कर. तुझ्यामुळंच ते तिथं मुततंय."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, शाळेत सांगतो तसं, क्रमानं. मायनं ऐकून घेतलं.

"म्हंजी मीच मुतवायले म्हण की त्याला."

"तसं न्हाई गं माय."

"तसंच हाय. शिकलेला हायस तू, खोटं कशाला सांगशील?" तिनं बाटलीचं बूच लावलं. "मंग देवाजवळ घाण झाली तर काय शिंपडू? तूच सांग."

मी येताना आणलेलं व्हिनेगर दाखवलं. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "हे दारूसारखं वास मारायलंय. हे देवापाशी?"

"थोडे दिवस, आत्या," बायको म्हणाली. "मग परत गोमूत्र."

माय हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला भीती वाटली की माझ्या मागं ती शिंपडेल. आठच दिवस हातात होते. म्हणून मी ती बाटली उचलून कपाटाच्या वर, मागच्या बाजूला ठेवली. जिला समोरचं माणूस दिसत नाही तिच्यापासून मी वस्तू लपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय उठली, आंघोळ केली आणि बाटली शोधू लागली. फळीवर हात फिरवला. खिडकीत, पाटामागं, पुन्हा फळीवर. मी आरशासमोर भांग पाडत होतो. मला ती आरशात दिसत होती. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. थोड्या वेळानं तिचा हात थांबला. तिला कळलं असावं. ती येऊन बाजेवर बसली आणि त्या दिवसापासून तिनं पूजा केली नाही. टाक फडक्यात बांधून उशाशी ठेवले. जेवायला बसली की अर्ध्या भाकरीवर हात धुवायची. बायको आग्रह करायची तर म्हणायची, "भूक न्हाई गं."

पिल्लू मात्र शिकलं. पहिले तीन दिवस जुन्या सवयीनं कोपऱ्यात गेलं, फरशी हुंगली आणि गोंधळून उभं राहिलं. चौथ्या दिवशी मी त्याला मागच्या मोकळ्या जागेत नेलं, तिथं त्यानं काटकी टाकली आणि एका दगडापाशी बसून मुतलं. सहाव्या दिवशी ते स्वतःच दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागलं. कोणी आलं म्हणून नव्हे, बाहेर जायचंय म्हणून. माय पहिल्यांदा फसली. "कोण हाय?" म्हणून दोनदा विचारलं. कोणी नव्हतं.

काका वर आले, कोपरा पाहिला, जिन्यात उभं राहून श्वास घेतला. "जमलं की सर तुमाला," म्हणाले. "राहू द्या आता."

मी आत येऊन मायला सांगितलं. माझा आवाज नक्कीच आनंदी असणार. ती बाजेवर पाय खाली सोडून बसली होती, पिशवी भरलेली होती.

"मला गावाकडं सोड. परवा घट बसायचाय."

"इथं बसवू की घट. आता तर सगळं नीट झालं."

"त्याचं झालं," ती म्हणाली. "ह्या कोपऱ्यात घट न्हाई बसायचा बाबा. ह्याच्यावर तू काय काय पुसलंस. मी दसरा झाला की येते."

"मग पिल्लू?"

ती खाली वाकली, हातानं शोधत त्याच्या पाठीवर पोचली. "ह्याला न्हाई नेत. ह्याला तुझ्या घरचं कळायला लागलंय. तिकडं नेलं तर बिचाऱ्याला परत शिकावं लागंल."

बायको रडली. मी पुन्हा पुन्हा समजावलं. कपाटावरची बाटली काढून तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, बायकोकडं दिली आणि म्हणाली, "ठिव. तुमाला लागंल कधी."

दसरा झाला, दिवाळी झाली. ती आली नाही. मी महिन्यातून दोनदा रविवारी जातो. शेजारणीला फोन नंबर देऊन ठेवलाय. गॅसची शेगडी नेऊन दिली, ती कोपऱ्यात तशीच आहे. गॅसचा जाळ तिला दिसत नाही, त्याची धग चुलीसारखी बाजूला येत नाही आणि धूरही येत नाही, त्यामुळं तिला त्याचा अंदाज लागत नाही.

मागच्या खेपेला मी तिच्यासमोर बसून म्हणालो, "माय, चल. पाहिजे ते शिंपड. पिल्लाला मी कोणाला तरी देऊन टाकतो. दुसरं घर बघतो, खालच्या मजल्यावरचं."

तिनं पीठ मळता मळता ऐकलं. गोळा मळून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या घरात काय करायचं न्हाई, ते मला समदं पाठ झालंय. काय करायचं ते एक बी ठावं न्हाई. मी तिथं बसून काय करू, बाबा?"

मग तिनं भाकरी थापली आणि तव्याची कड शोधायला हात पुढं केला. बोटं धगीपाशी येऊन थांबली, जरा बाजूला सरकली, पुन्हा पुढं गेली. मी उठलो.

"बस," ती म्हणाली. "तुला न्हाई जमायचं."

मी बसलो. परतीची गाडी पाचला होती. तोवर मी चुलीसमोरून हललो नाही.